आई एकटी राहायला गेली तेव्हा

नवी पुस्तकं आधी आमच्या घरी यायची आणि मग मंडळाच्या ग्रंथालयात जायची. बाबा फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये कारकून होते आणि उरलेल्या वेळात मराठी मंडळाच्या ग्रंथालयाचे चिटणीस. पोट पहिल्या कामावर चालायचं, जीव मात्र दुसऱ्यात होता. नागपूरहून किंवा पुण्याहून पार्सल आलं की ते सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं घट्ट बांधून, स्वतः न बसता, सायकल हातात धरून चालत जबलपूरच्या मदन महाल भागातल्या आमच्या घरी आणायचे. बसले असते तर पुस्तकांच्या कडा दुमडल्या असत्या असं त्यांचं म्हणणं. दारातूनच हाक यायची, "अगं, आली गं!" जणू कोणी पाहुणीच आली आहे. मी आणि धाकटी बेबी धावत जायचो. सुतळीची गाठ कापायची नाही, सोडवायची, असा नियम होता, आणि ती सोडवण्यावरून आमची भांडणं व्हायची.

पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं काम आईकडे होतं. त्यासाठी ती मैद्याची खळ शिजवायची. कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची आणि ते पातेलं आम्हाला शिवू द्यायची नाही. खळ शिजायला लागली की घरभर एक कोमट, पिठूळ वास पसरायचा. बाहेरच्या खाटेवरून आमचे आजोबा, अण्णाजी, दर वेळी विचारायचे, "आज पिठलं हाये काय वं?" आणि आई दर वेळी म्हणायची, "नाही अण्णाजी, पुस्तकं आहेत." मग ते म्हणायचे, "पिठलं बी कर मंग." अण्णाजी मूळचे अमरावतीकडच्या खेड्यातले. मुलाची नोकरी जबलपूरला म्हणून इथे आलेले. आजूबाजूच्या चाळीस बिऱ्हाडांची हिंदी कानावर पडत असूनही त्यांनी आपली वऱ्हाडी एका अक्षरानं सोडली नव्हती.

आम्ही मुली हिंदी शाळेत शिकलो. माझी मराठी कानांची होती, डोळ्यांची नव्हती. लिपी तीच, पण मराठी ओळ वाचायला लागले की मी अडखळायचे, आणि 'ळ' आला की बेबी खुदकन हसायची. म्हणून आई वाचून दाखवायची. तिचं शिक्षण माहेरी, आर्वीला, सातवीपर्यंत झालेलं. पण वाचायला लागली की तिचा आवाज बदलायचा. रोज आम्हाला हाका मारणारा, दूधवाल्याशी हुज्जत घालणारा आवाज कुठल्या कुठे जायचा आणि एक सावकाश, खालच्या पट्टीतला आवाज यायचा. फॅक्टरीचा दुपारचा भोंगा होऊन गेलेला असायचा, बाजूच्या मिश्रा चाचीचं धुणं आपटणं थांबलेलं असायचं, स्टेशनावरून एखादी मालगाडी खडखडत जायची तेवढाच काय तो आवाज. आई एका पुस्तकाला खळ लावायची, ते दाबायला पाट्याखाली ठेवायची, आणि ते वाळेपर्यंत दुसरं वाचायची. मंडळातल्या कोणाच्याही आधी, शिक्का बसायच्याही आधी, प्रत्येक नवं पुस्तक आईनं वाचलेलं असायचं. बाबांना ते माहीत होतं. पुस्तकं परत न्यायला ते कधीच घाई करत नसत.

आधी या पार्सलांत असायच्या त्या ऐतिहासिक कादंबऱ्या, संतांची चरित्रं, पाककृती, शिकारीच्या गोष्टी. माझं बी.ए. चालू होतं त्या सुमारास मात्र वेगळीच पुस्तकं येऊ लागली. बायकांनी स्वतःबद्दल लिहिलेली. कोणी मोठी पुढारी नाही, राणी नाही, साध्या संसारी बायका. कोणी नवऱ्याबद्दल लिहिलं होतं, कोणी नोकरीबद्दल, कोणी आपल्याच मनाबद्दल, की ते काय म्हणतं आणि त्याचं ऐकावं की नाही. मंडळातल्या दोन-तीन वयस्कर सभासदांनी नाकं मुरडली. "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर" वगैरे. पण ती पुस्तकं कपाटात कधी दिसतच नसत, कारण एक बाई परत करायला यायची तेव्हा दुसरी तिच्या मागेच उभी असायची.

माझी नात आता माझ्याकडे येते ती अशाच पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. स्वतःला ओळखा, स्वतःवर प्रेम करा, नाही म्हणायला शिका. सुंदर कव्हरं, गुळगुळीत कागद. "आजी, ये वाली पढ़ो, तुम्हारे काम की है," म्हणते. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र ती हिंदीत शिरते. मी वाचते. चांगलं लिहितात या मुली. पण वाचता वाचता मला हमखास खळीचा वास येतो.

माझ्या बी.ए.च्या दिवसांतल्या एका हिवाळ्यात आलेल्या पार्सलात फिक्या निळ्या कव्हरचं एक पातळ पुस्तक होतं. लिहिणारी कुठल्याशा गावची शिक्षिका होती. आई अंगणातल्या उन्हात बसून वाचत होती, मी मटार सोलत होते. हिवाळ्यात जबलपूरला मटाराला तोटा नसतो. घरोघरी पोती यायची आणि सगळ्यांची नखं हिरवी व्हायची. त्या बाईनं एका ठिकाणी सहज लिहून टाकलं होतं की पन्नाशी उलटेपर्यंत ती कधीही एका खोलीत एकटी झोपली नव्हती, आणि पहिल्यांदा झोपली तेव्हा आपण कुठल्या कुशीवर झोपतो हेही तिला माहीत नव्हतं. आईनं ते वाचलं आणि थांबली. पानात बोट घालून पुस्तक मिटलं. ब्रशवरची खळ वाळून पांढरी झाली तरी ती तशीच बसून होती.

"सुमी," ती म्हणाली, "मी कधी एकटी राहिली का गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकटी. आर्वीला आम्ही बहिणी एका सतरंजीवर झोपायचो. लग्न झालं तर इथे. तुझ्या वेळी दवाखान्यात होती तर बाजूच्या खाटेवर एक सरदारीण होती, रात्रभर बोलायची." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत आलं नाही. "एक दिवसही नाही गं. काहून झालं असेल असं?"

मी म्हटलं, "एकटं राहून काय करायचं असतं?" आणि आई म्हणाली, "तेच तर माहीत नाही."

त्यानंतर आठवडाभर तिनं ते पुस्तक ग्रंथालयात जाऊ दिलं नाही. मग एके दिवशी सगळे जेवत असताना, बाबांच्या पानात उसळ वाढता वाढता, "अजून थोडी घ्या" म्हणावं तशा सुरात ती म्हणाली, "मला काही दिवस एकटीनं राहायचं आहे."

बाबांचा हात पानावरच थांबला. अण्णाजींना कमी ऐकू यायचं, पण हे बरोबर ऐकू आलं. "काऊन? कोनं काई म्हनलं काय तिले?"

"कोणी काही नाही म्हटलं अण्णाजी."

"माझं काही चुकलं का?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही हो."

"राग आला आहे का कशाचा?"

"राग असता तर माहेरी गेली असती," आई म्हणाली. "माहेरी जायचं नाही म्हणून तर विचारून राहिली आहे."

आईची एक मैत्रीण होती, नलूमावशी. जबलपूरजवळच्या मझौली गावी शाळेत शिक्षिका होती, तिथेच एक खोली घेऊन राहायची आणि अधूनमधून शनिवारी आमच्याकडे यायची. नाताळच्या सुट्टीत ती वर्ध्याला आपल्या आईकडे जायची आणि खोलीला कुलूप लागायचं. त्या कुलपाची किल्ली आईनं तिच्याकडून आधीच मागून घेतली होती. पदराची गाठ सोडून तिनं ती पानाशेजारी ठेवली, तेव्हा आम्हाला कळलं की हे आज सुचलेलं नाही. बाबा बराच वेळ त्या किल्लीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मझौलीला थंडी जास्त असते. माझी जाड शाल ने." अण्णाजी रागानं पानावरून उठले, पण उसळ संपवून उठले.

बसस्टँडवर मी आणि बाबा गेलो होतो. आईजवळ एक कापडी पिशवी, वळकटी आणि ती शाल. निळं पुस्तक मी मुद्दाम बरोबर आणलं होतं, पुढे केलं तर तिनं घेतलं नाही. "नको गं. वाचायला लागली तर परत दुसरीचंच ऐकत बसेन." खिडकीजवळ बसली आणि बस निघेपर्यंत आम्हाला सूचना देत राहिली. दूध उतू जाऊ देऊ नको, अण्णाजींच्या छातीला तेल लाव, बेबीची वेणी घट्ट घाल. बस हलली तेव्हा ती मध्येच थांबली, जणू सूचना संपल्या हे तिलाच नवल वाटलं. मग तिनं फक्त हात हलवला. बाबा परत येताना सायकलवर बसले नाहीत. पार्सल आणल्यासारखी सायकल हातात धरून चालले.

घर चालवणं मला वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा फार कंटाळवाणं होतं. एक संपलं की दुसरं. भाकरी मोडायची, वरण लागायचं, बेबी रुसायची. बाबा फॅक्टरीतून आले की सरळ स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे आणि काय करायचं असतं ते न कळून भांडी इकडची तिकडे ठेवायचे. मिश्रा चाची भिंतीवरून डोकावायची, "काय बिटिया, अम्मा कहाँ चली गईं?" मी म्हणायचे, "बाहर गई हैं चाची, आ जाएँगी." चाचीला ते पटायचं नाही. कोणालाच पटलं नसतं. मलाही कुठे पटलं होतं? अण्णाजी मात्र दिवसभर काही ना काही कारणानं, "सूनबाई असती तं" म्हणून सुरुवात करायचे आणि वाक्य पुरं करायचे नाहीत.

अशात शनिवारी बाबा फॅक्टरीतून आले ते दारातच पायरीवर बसले. सायकलसाठी पँटला लावलेली क्लिपसुद्धा काढली नव्हती. शहरातल्याच राइट टाउनच्या एका मराठी घरातून मला सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत, इटारसीला. पत्रिका जुळली होती, फोटो जाऊन आला होता, आणि पुढच्या आठवड्यात, आई परतल्यावर, बघायला यायचं ठरलं होतं. बाबा म्हणाले, "ते लोक उद्याच येतो म्हणून राहिले आहेत. मुलाची रजा कमी झाली. उद्या नाही तर नाही, असा निरोप आहे."

मुलाचा फोटो मी पाहिला होता. किती वेळा ते सांगत नाही. डोळे चांगले होते. मी ताबडतोब म्हटलं, "मग सकाळच्या पहिल्या बसनं जा आणि आईला घेऊन या."

बाबा क्लिपशी चाळा करत राहिले. "नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तिला आणायचं नाही, सुमी. इतक्या वर्षांत तिनं काय मागितलं माझ्याजवळ? आठव बरं. मी सकाळपासून आठवून राहिलो आहे. एक गोष्ट आठवत नाही. आणि आता एक मागितली तर ती मध्येच जाऊन परत घेऊ?"

"पण माझं काय? आई घरात नाही म्हटल्यावर ते काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते म्हणतील."

"मग निदान माहेरी गेली म्हणून तरी सांगा."

"बघतो," बाबा म्हणाले. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मला आईचा राग आला, बाबांचा आला, त्या निळ्या पुस्तकाचा आला, आणि ती लिहिणारी शिक्षिका तर समोर असती तर मी तिच्याशी भांडलेच असते. बेबी येऊन माझ्या पायाशी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "दीदी, मी तुझ्यासारखी रडणार नाही. मी लग्नच नाही करणार." मला रडताना हसू आलं आणि त्याचाही राग आला.

रविवारी सकाळी बाबांनी खोव्याची जलेबी आणली. मी पोहे केले आणि आईची मोरपंखी साडी नेसले, ती मला थोडी आखूड व्हायची. पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि काका. वडील नव्हते, त्यामुळे सगळं काकांच्या हातात होतं हे ते बसायच्या आधीच कळलं. काकांनी खोली एकदा डोळ्यांनी फिरून पाहिली आणि विचारलं, "वहिनी दिसत नाहीत?"

मी ट्रे घेऊन पडद्याआड उभी. बाबा फार बुजरे होते. मंडळाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचताना त्यांचा कागद थरथरायचा. ते म्हणाले, "ती मझौलीला आहे."

"अच्छा. कोण असतं तिथे?"

"कोणी नाही. ती काही दिवस एकटी राहायला गेली आहे."

"एकटी?" काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तब्येत वगैरे?"

"तब्येत छान आहे."

"मग भांडून?"

"नाही. कोणाशी भांडण नाही. तिला राहायचं होतं, म्हणून गेली."

मला वाटलं आता जमीन फाटावी. काका हसले, पण ते हसू पाहुण्याचं नव्हतं. "घरच्या मोठ्या माणसांना विचारलं तरी होतं का?" असं म्हणून ते अण्णाजींकडे वळले, म्हणजे आता खरं काय ते बाहेर येईल. मी डोळे मिटले. ज्या माणसानं गेले कित्येक दिवस सुनेच्या नावानं कुरकुर केली होती, तो आता काय बोलणार ते मला ठाऊक होतं.

अण्णाजींनी काठी जमिनीवर आपटली. "मले इचारलं व्हतं तिनं," ते म्हणाले. "म्याच म्हनलं, जाय. इतकी वर्सं सगळ्याईचं करते, जरा जाऊन ये म्हनलं. काऊन, तुमच्या घरच्या बाया कुटी जात नाहीत काय?"

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले आणि अण्णाजी भिंतीकडे.

मी ट्रे ठेवून, नाव-शिक्षण सांगून आत आले आणि ओट्याशी उभी राहिले.  मागे बांगड्या वाजल्या. मुलाची आई आत आली होती. बारीक अंगाची, करड्या शालीतली, बाहेर एक शब्द न बोललेली बाई. मला वाटलं स्वयंपाकघर बघायला आल्या, तशी पद्धत होती. त्या कपाटाकडे, भांड्यांकडे बघितल्यासारखं करत माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या खोलीला आतून कडी आहे का गं?"

"कुठल्या खोलीला?"

"मझौलीच्या."

"आहे असं आई म्हणाली होती."

त्यांनी मान हलवली. "आणि पाणी?"

"विहीर आहे अंगणात."

"म्हणजे लांब जावं लागत नाही."  बाहेरून काकांचा खाकरण्याचा आवाज आला, तशा त्या वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "छान झाले पोहे. आईला सांग, मी आली होती म्हणून."

पुढच्या तीन-चार दिवसांत निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर फोटोच्याही आधी जुळली होती.

निरोप आला त्याच दुपारी आईही आली. एकटीच बसमधून उतरून, रिक्षा करून, दारात उभी. हातात शिंगाड्यांची जड पिशवी. उन्हानं चेहरा रापला होता आणि चालणं जरा हळू झालं होतं, लगबग नव्हती. बेबी तिला बिलगली. अण्णाजी म्हणाले, "आली काय?" आणि खाटेवर उगीच कूस बदलली, पण थोड्या वेळानं त्यांनी मला खुणेनं सांगितलं की तिला बसायला खुर्ची दे. बाबा रजेवर होते. ते काही न बोलता आत गेले. माझ्या हाताखाली या दिवसांत ते एक गोष्ट शिकले होते, चहा. कितीदा तरी बिघडवून, पत्ती मोजून, दूध सांडून अखेर त्यांना तो जमला होता, आणि आई येण्याची ते खरं तर त्यासाठीच वाट बघत होते असं मला आजही वाटतं. कप बशीत ठेवून, बशी दोन्ही हातांनी धरून ते आले. "घे," म्हणाले. "मी केला."

आईनं कप घेतला. त्यांच्याकडे बघितलं. एक घोट घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी माया आली की मला वाटलं ती रडणार. मग म्हणाली, "अहो, छान झाला आहे. पण मला चहा आवडत नाही."

"काय?"

"मला तिथे कळलं. पहिल्या सकाळी सवयीनं आधण ठेवलं आणि मग वाटलं, कोणासाठी ठेवून राहिली आपण? दुसऱ्या दिवशी केलाच नाही. म्हटलं डोकं दुखेल. नाही दुखलं."

"आणि इतकी वर्षं पीत होतीस?"

"सगळ्यांचा व्हायचा, त्यात माझाही व्हायचा."

बाबा उभेच होते. रागावले असते तर त्यात नवल नव्हतं. पण त्यांनी तिच्या हातातला कप घेतला, तिथेच खाली बसले आणि तो चहा स्वतः सावकाश पिऊन टाकला. मग विचारलं, "मग तुला काय आवडतं?"

आईनं विचार केला. खरोखरच केला, डोळे बारीक करून. "अजून शोधून राहिली आहे," ती म्हणाली.

राइट टाउनच्या त्या बाई पुढे मंडळाच्या ग्रंथालयाच्या सभासद झाल्या. एके दुपारी त्या एकट्याच आमच्या घरी आल्या, तिथे नाव ऐकलेलं ते निळं पुस्तक मागायला, आणि अंधार पडायला आला तेव्हा उठल्या. सोयरीक जुळली नाही पण आईचं आणि त्यांचं शेवटपर्यंत जमलं. काकांना ते कधी कळलं की नाही, देव जाणे. पुढे त्याही एकदा मझौलीला राहून आल्या, हे मला आईनं फार वर्षांनी सांगितलं. मी स्वतः पुढे काय केलं ती वेगळी गोष्ट आहे, पण त्याची सुरुवात आई आली त्याच दिवशी झाली, म्हणून तेवढं इथे लिहिते.

त्या दिवशी दुपार कलल्यावर आई मला गच्चीवर घेऊन गेली. मदन महालच्या टेकडीवर ऊन पिवळं झालं होतं. आम्ही शिंगाडे सोलत बसलो आणि ती मझौलीचं सांगत राहिली. पहिल्या रात्री घाबरून तिनं कडी लावली, वर नलूमावशीची ट्रंक दाराला लावली आणि तरी बसूनच रात्र काढली. दुसऱ्या दिवशी भूक लागेपर्यंत स्वयंपाक केलाच नाही, आणि भूक लागली ती दुपार टळल्यावर. बाजाराच्या दिवशी एका म्हातारीनं तिला विचारलं, "किसके यहाँ आई हो बहू?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अपने यहाँ." ते आठवून ती खूप हसली. मग हसणं थांबलं. "मी तिथे रडली गं," ती म्हणाली. "माझी मोठी बहीण गेली तेव्हा तू पोटात होतीस. सगळे म्हणाले, रडू नको, बाळाला लागेल. मग तू झालीस, मग बेबी, मग अण्णाजी इकडे आले. ते राहूनच गेलं होतं. तिथे बसून रडली, पोटभर. मग तोंड धुतलं आणि तुम्हा सगळ्यांची फार आठवण आली. तेव्हा म्हटलं, चला, आता जाऊ घरी."

मी तिला राइट टाउनच्या निरोपाचं सांगितलं. माझ्या आवाजात तक्रार होती, ती मी लपवली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटल्याचं म्हणाली नाही, माझ्या केसांवरून हात मात्र फिरवला. मग विचारलं, "तुला तो मुलगा आवडला होता का?"

या सगळ्या प्रकरणात हे मला कोणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. मी म्हटलं, "त्याचे डोळे चांगले होते."

"आणि?"

"आणि माहीत नाही."

"बरं," आई म्हणाली. "मग काय माहीत आहे? तुला काय करावंसं वाटतं सुमी? सांग मला. सावकाश सांग."

मी सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं की माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. पण तिला ज्या आवाजात पुस्तकं वाचताना ऐकलं होतं त्याबद्दल सांगायला लागले, मला तसं वाचता येत नाही याची लाज वाटते ते सांगितलं, नागपूरला जाऊन मराठी घेऊन शिकायचं मनात आहे, पण हिंदी शाळेतली मुलगी तिथे टिकेल का याची भीती वाटते, तेही सांगितलं. हे मी आधी कधी मनातही पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. आई हातातला शिंगाडा तसाच धरून ऐकत होती. खालून अण्णाजींची हाक आली, "सूनबाई!" मी सवयीनं गप्प झाले, कारण त्या हाकेला आई उठायची नाही असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. हाक पुन्हा आली.

"येते अण्णाजी, थोड्या वेळानं," आईनं कठड्यावरून वाकून सांगितलं, परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं. नागपूरला. पुढे?"